सव्वादोनशेंची विनंती

शास्त्रपाठ : मत्तय ७:७-११, याकोब ४:२-३, २ करिंथ १२:७-९



आपल्या वडोदऱ्यातील मराठी ख्रिस्ती घरांत प्रार्थनासभा भरली, की शेवटी विनंत्या विचारल्या जातात. कोणाला परदेशचा व्हिसा हवा असतो, कोणाच्या मुलीचे लग्न जुळत नसते, कोणाच्या मुलाला कारखान्यात कायम केलेले नसते, कोणाच्या आईचे ऑपरेशन असते. अशा विनंत्यांना हलके लेखणारे काही जण आहेत. आम्ही त्यांच्यातले नाही. ज्या प्रभूने रोजच्या भाकरीसाठी मागावयास शिकविले, त्याला आपल्या घरभाड्याची व औषधपाण्याची लाज वाटत नाही. याकोबाची तक्रार तर उलटच आहे. पुष्कळांचे हात रिकामे राहतात ते त्यांनी कधी मागितलेच नाही म्हणून, असे तो लिहितो.

परंतु 'विश्वासाने मागा' ह्या शब्दांचा अर्थ हल्ली काही ठिकाणी भलताच करण्यात येतो. विश्वास म्हणजे जणू एखादी रक्कम. पुरेशी भरली की आशीर्वाद हाती पडलाच पाहिजे, आणि न पडल्यास रक्कम कमी पडली! आमच्या परिचयाच्या एका भगिनीचे पती दीर्घ आजारानंतर वारले. भेटीस आलेल्या एका गृहस्थांनी त्यांना सांगितले, "ताई, विश्वासात कोठेतरी उणे राहिले." त्या माउलीने वर्षभर रात्र रात्र जागून प्रार्थना केली होती. तिच्या दुःखावर आणखी दोषाचा धोंडा ठेवण्याचा अधिकार त्यांना कोणी दिला? शास्त्राने तर खचित दिलेला नाही.

विश्वासाने मागणे म्हणजे काय, हे पाहावयास फार दूर जाण्याची गरज नाही. १८९६ साली लोणावळ्यास ख्रिस्ती लोकांची शिबिरसभा भरली होती. पंडिता रमाबाई शारदासदनातील काही मुलींना घेऊन तेथे गेल्या. त्या वेळी त्यांच्या मुलींपैकी पंधरा जणी ख्रिस्तावर विश्वास ठेवणाऱ्या होत्या. पहाटे, सूर्य उगवण्यापूर्वी, रानात एकान्ती जाऊन रमाबाईंनी त्या पंधरांबद्दल देवाचे आभार मानले आणि मागितले, की पुढच्या सभेपर्यंत ह्या संख्येचा वर्ग व्हावा. पंधरा पंधरे सव्वादोनशे!

मागून होते न होते तोच त्यांच्या मनात शंका आली. सदनात तेव्हा सव्वादोनशे मुलीच नव्हत्या. आणावयाच्या कोठून, ठेवावयाच्या कोठे, आणि जेवू काय घालावयाचे? तेव्हा यिर्मयाच्या बत्तिसाव्या अध्यायातील वचन त्यांना आठवले, जेथे परमेश्वर स्वतःच विचारतो की त्याला अवघड असे काही आहे काय. ते अभिवचन समजून त्यांनी वहीत लिहून ठेवले. आपल्याला शंका आली होती, हेही पुढे त्यांनीच सांगितले. हे आम्हांस फार मोलाचे वाटते. शंका येऊनही ज्याची विनंती मागे घेतली जात नाही, त्याला विश्वासहीन कोण म्हणेल?

आता येथे ऐकणाऱ्याला वाटेल, की लवकरच कोणा श्रीमंताने मोठी देणगी पाठविली असेल. घडले निराळेच. त्याच वर्षी पावसाने दगा दिला व मध्य प्रांतात भयंकर दुष्काळ पडला. रमाबाईंनी तरुणपणी दुष्काळाच्याच दिवसांत आईबाप व थोरली बहीण गमावली होती. उपासमार काय असते हे त्यांना कोणी सांगावयास नको होते. त्या तिकडे गेल्या आणि अनाथ मुली व बालविधवा आणू लागल्या. हाडांचे सापळे झालेल्या, अंगावर खरूज, डोक्यात उवा, कोणावरही भरवसा न ठेवणाऱ्या त्या मुली! थोड्याच महिन्यांत त्यांची संख्या तीनशेच्या घरात गेली. पुण्यास प्लेगामुळे इतक्या जणींना ठेवता येईना, म्हणून केडगावच्या शेतावर झोपड्या उभ्या राहिल्या. तेच 'मुक्ती'. पुढे त्यांतील अनेक जणींना बैलगाड्यांतून भीमेवर नेऊन बाप्तिस्मा देण्यात आला.

रमाबाईंची प्रार्थना पुरी व्हावी म्हणून देवाने दुष्काळ धाडला, असे आम्ही कदापि म्हणणार नाही. असे बोलणे म्हणजे त्यात अन्नान्न करून मेलेल्यांची विटंबना होय. आम्ही एवढेच म्हणतो, की मागितलेले जेव्हा दाराशी आले तेव्हा ते आशीर्वादासारखे दिसत नव्हते, आणि तरीही ह्या बाईने ते ओळखले. तिने लेकी मागितल्या होत्या. आलेल्या लेकींना न्हाऊमाखू घालण्याचे कामही तिने त्याच मागण्यात धरले. स्वतःच्या चैनीसाठी मागू नका, असे जे याकोब बजावतो, त्याचे ह्याहून चांगले विवेचन आम्हांस ठाऊक नाही.

ह्या गोष्टीचा एक धागा आपल्या गुजरातेतही येतो. संवत १९५६, म्हणजे १८९९-१९०० चा दुष्काळ इकडे अजून 'छप्पनियो' ह्या नावाने ओळखला जातो. बडोदे संस्थानही त्यातून सुटले नाही. त्या वेळी मुक्तीची माणसे गुजरातेत आली व येथील कितीतरी मुलींना केडगावी घेऊन गेली. १९०० पर्यंत तेथे दीड हजार माणसे झाली. मागितल्या होत्या सव्वादोनशे.

म्हणून कोणी असे समजू नये, की रमाबाईंना मागितलेले सर्वच मिळत गेले. त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा, आईच्या कामात उजवा हात, मुक्तीचा भार पुढे जिने वाहावयाचा तीच, २४ जुलै १९२१ रोजी वारली. वय अवघे चाळीस. त्या आईने लेकीच्या प्राणासाठी देवाजवळ पदर पसरला नसेल असे कोण म्हणेल? लोणावळ्याच्या रानात जिचे ऐकले, तिचा विश्वास पंचवीस वर्षांत आटला होता काय? वर सांगितलेल्या त्या गृहस्थांनी ह्याचे उत्तर द्यावे. पौलानेही आपला काटा काढावा म्हणून तीनदा विनविले होते आणि काटा निघाला नाही. त्याला पुरेल इतकी कृपा मात्र मिळाली. रमाबाई पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतराचे काम करीत राहिल्या आणि ५ एप्रिल १९२२ रोजी प्रभूकडे गेल्या. संपूर्ण भाषांतर १९२४ साली छापून निघाले.

२०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री फुगून आपल्या शहरात शिरली, मगरी रस्त्यांवर आल्या, तेव्हा पाणी ओसरावे म्हणून किती घरांतून विनवणी झाली असेल! पाणी ओसरावयास वेळ लागला. पण ज्यांचा वरचा मजला कोरडा होता, त्यांच्या दारावर जर त्या रात्री कोणी थाप मारली असेल, तर ती कोणाच्या तरी प्रार्थनेचे उत्तर मागत होती.

येत्या प्रार्थनासभेत नव्या विनंत्या घेण्यापूर्वी मंडळीने मागील वर्षाची वही काढून वाचावी, अशी आमची सूचना आहे. वही नसेल तर ह्या वेळी सुरू करावी. ज्यांना मिळाले त्यांनी उठून साक्ष द्यावी. आणि ज्यांना मिळाले नाही त्यांच्या घरी दोघांनी जाऊन बसावे, चहा घ्यावा, आणि काही समजावून सांगू नये.