सरळ रेघ



ओरिएंटियरिंग नावाची एक शर्यत आहे. नॉर्वेत १८९७ साली तिची पहिली जाहीर स्पर्धा झाली. धावणाऱ्याच्या हाती नकाशा आणि होकायंत्र असते. रानातली ठाणी ठरलेली, त्यांचा क्रमही ठरलेला. मधली वाट मात्र ज्याची त्याने निवडायची. नकाशावरची सरळ रेघ सर्वांत जवळची दिसते. पण मध्ये दलदल किंवा उभा चढ असला, तर वळसा घेणारा आधी पोहोचतो.

मध्यंतरी एक तरुण विचारायला आला. आई अंथरुणाला खिळलेली आणि त्याला परदेशात नोकरी चालून आलेली. मी लगेच उत्तर दिले. तो गेल्यावर उमगले की मी नुसती रेघ ओढली. त्याच्या वाटेवरची दलदल पाहिलीच नाही.

१९६० साली इथिओपियाचा अबेबे बिकिला रोममध्ये अनवाणी धावून ऑलिंपिक मॅरेथॉन जिंकला. जाड तळव्याच्या बुटाला खडा कळत नाही. अनवाणी पायाला तत्काळ कळतो, म्हणून तो जपून पडतो. अर्थात, त्याची सवय हळूहळूच करावी लागते, नाहीतर पाय दुखावतात.

आजच्या शुभवर्तमानात प्रभू येशू बहात्तर शिष्यांना थैली आणि वहाणांशिवाय पाठवतो. आपली तयार उत्तरे म्हणजे अशाच जाड वहाणा. त्या घालून दुसऱ्याच्या दुःखात शिरलो, तर आपल्याला काही टोचत नाही. तुडवले मात्र जाते.

ध्येय देव देतो, वाट शोधण्यासाठी विवेकही देतो. त्या तरुणाला मी पुन्हा बोलावले आहे. या खेपेस आधी ऐकणार आहे. आपणही घरी तसेच करू या.

आपला,
प्रमुख धर्मगुरू