पंख्याचा फोटो

स्नॅपचॅटवर दोन मित्रांनी दर 24 तासांत एकमेकांना एक तरी फोटो किंवा व्हिडिओ पाठवायचा. असं काही दिवस सलग झालं की नावापुढे छोटी ज्वाळा उमटते आणि शेजारी दिवसांचा आकडा चढत जातो. हीच स्ट्रीक. वेळ संपत आली की वाळूचं घड्याळ दिसतं, आणि तरीही पाठवायचं राहिलं तर आकडा जातो. कित्येक मुलांच्या स्ट्रीक शेकड्यांत असतात आणि तो आकडा ती मिरवतातही.

फोटो कसले? छताचा पंखा, बाकाचा कोपरा, अर्धं कपाळ. पुष्कळदा नुसता काळा पडदा आणि त्यावर ‘एस’ हे अक्षर. एकच फोटो एका फटक्यात वीस जणांना जातो. त्यात काही नाही हे पाठवणाऱ्याला माहीत असतं, बघणाऱ्यालाही. गंमत पुढेच आहे. लिहून केलेल्या गप्पा स्ट्रीकमध्ये धरत नाहीत. घरातली भांडणं, नापास व्हायची भीती असं सगळं मैत्रिणीला तासभर टाइप करून सांगितलं, तरी ज्वाळेपुढचा आकडा हलत नाही. पंखा मोजला जातो, रडणं नाही.

कंपनीच्या बाजूने पाहिलं तर हे सरळ आहे. तिची बहुतेक कमाई जाहिरातींची, आणि रोज किती माणसं ॲप उघडतात हा आकडा ती दर तिमाहीला गुंतवणूकदारांपुढे ठेवते. मैत्री राखणारं पोर त्या हजेरीपटावर सहीही करत असतं.

नात्यांचा हिशेब आपणही ठेवत आलो, हे कबूल करायला हवं. लग्नातल्या आहेराची वही कुठल्या घरात नव्हती? ‘त्यांनी आपल्याकडे पाचशे एक घातले होते’ हे वाक्य ऐकतच आपण मोठे झालो. पण ती वही आपल्याच कपाटात असे, आणि ती वाचणारी आजी ‘त्या साली त्यांच्याकडे पाऊस नव्हता गं’ म्हणून एखादी ओळ सोडूनही देई. स्ट्रीकला ताप, सुतक, परीक्षा काही कळत नाही. तुटलेली स्ट्रीक पैसे भरून पुन्हा जोडून मिळते. म्हणजे इथे माफी आहे, पण विकतची.

शेजारची अकरावीतली मुलगी गणपतीला कोकणात गेली. गावी रेंजचा भरवसा नाही, म्हणून तिने पासवर्ड आणि नावांची यादी एका मैत्रिणीच्या हवाली केली. मुलांत ही सर्रास चालणारी सोय आहे. मैत्रिणीने तेवढे दिवस, ज्यांना ती धड ओळखतही नाही अशांना, स्वतःच्या घरातल्या भिंतींचे फोटो पाठवले. पलीकडे कुणाला पत्ताही लागला नाही. या सगळ्या खटाटोपात मला खरी मैत्री दिसली ती याच मुलीची, आणि तिच्या नावापुढे या कामाचा एकही दिवस वाढला नाही.

हे कळल्यावर शेजारच्या मुलीची आई हादरली. ‘फोन काढूनच घेऊ का? ऑस्ट्रेलियात बंदी आणलीय म्हणे.’ खरं आहे, 10 डिसेंबर 2025 पासून तिथे 16 वर्षांखालच्या मुलांना अशी खाती ठेवता येत नाहीत, त्यात स्नॅपचॅटही आलं. पण ही मुलगी त्या वयाच्या पुढे गेलेली, आणि आई स्वतः नणंदेवर महिनाभर रुसलेली, कारण कुटुंबाच्या ग्रुपवर वाढदिवसाला तिने साधा केकही टाकला नाही. मी म्हटलं, पासवर्ड आधी बदलायला लावा. मग नुसतं विचारा, या यादीतल्या कुणाला तू रात्री अपरात्री फोन करशील?

तिने विचारलं. पोरगी दोन नावं पटकन बोलली.

‘मग बाकीचे?’

‘अगं आई, त्यांच्याशी स्ट्रीक आहे ना!’