बाहेर यायची वाट

मे महिन्यात शाळांना सुट्टी असते आणि त्याच दिवसांत शेततळ्यातलं पाणी सोन्याच्या मोलाचं होतं. डाळिंबाला, द्राक्षाला जपून जपून पुरवलेलं. भरावाच्या चारी बाजूंनी आत उतरत गेलेला काळा कागद आणि मध्ये निळसर, निवांत पाणी. दुपारी अंग भाजत असताना एखाद्या पोराला त्यात पाय सोडून बसावंसं वाटलं, तर त्याला दोष कसा द्यायचा? तो उतारावर बसतो आणि घसरतो. त्यानंतर पोहता येतं की नाही, याला फारसा अर्थ उरत नाही. कागद म्हणतात तो 500 मायक्रॉनचा प्लॅस्टिकचा थर असतो, आणि पाण्याखाली त्यावर शेवाळ धरलेलं असतं. हात टेकला की सरकतो, गुडघा टेकला की सरकतो. पट्टीचा पोहणाराही काठाशी येतो, काठाला हात लावतो, पण वर चढू शकत नाही. दमतो आणि खाली जातो.

कुणी बुडाल्याची बातमी आली की आपण विचारतो, पोहता येत नव्हतं का? मला वाटतं, त्याआधी विचारायला हवं की बाहेर यायला वाट होती का.

जुन्या विहिरींना पायऱ्या असत. बारवेत तर पाण्यापेक्षा पायऱ्याच जास्त दिसतात. कमरेला सुका भोपळा नाहीतर पत्र्याचा डबा बांधून काका-मामा पोराला पाण्यात ढकलून देत. ती शिकवण काही मायेची नव्हती, आणि तिच्यात सगळेच सुखरूप राहत असं म्हणण्यात अर्थ नाही. पण ढकलणारा माणूस तिथेच उभा असे आणि हात मारत मारत पोचायला एक पायरी असे. मग बोअर आले, विहिरी गाळानं भरल्या. शिकायची जागा गेली आणि पाणी मात्र बांधापर्यंत आलं. 2016 साली सुरू झालेल्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेत सर्वांत मोठं तळं 30 मीटर लांब, 30 मीटर रुंद आणि 3 मीटर खोल. माणसाच्या उंचीच्या जवळजवळ दुप्पट खोली. दुष्काळी भागात या तळ्यांनी बागा जगवल्या, हे नाकारायचं नाही. पण त्यात पायरी नाही.

वयाप्रमाणे पाणी बदलतं. वर्ष-दीड वर्षाच्या मुलाला तर बादलीसुद्धा पुरते. त्या वयात डोकं धडाच्या मानानं जड असतं. मूल काठाला धरून आत वाकतं, तोल जातो, आणि स्वतःला उलट वर उचलायला दंडांत बळ नसतं. वीतभर पाणीही जीव घेतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2021 मध्ये जगभरात सुमारे 3 लाख माणसं बुडून गेली, आणि त्यांतला जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांच्या आतली मुलं होती. त्यांतली बहुतेक काही सहलीला गेलेली नव्हती. ती घरात होती, अंगणात होती, परसातल्या तळ्याजवळ होती. बांगलादेशात हे ओळखून गावोगावी ‘आँचल’ नावाची पाळणाघरं काढली गेली. सकाळी नऊ ते दुपारी एक, म्हणजे आया कामात बुडालेल्या असतात नेमके तेवढे तास. गावातलीच एक बाई मुलं सांभाळते. एवढ्याशा उपायानं तिथले बुडून होणारे बालमृत्यू लक्षणीय घटले. आपल्या अंगणवाडीचे तास कुणी या नजरेनं पाहिले आहेत का, कोण जाणे.

पावसाळी सहलींचं पाणी आणखी वेगळं. 30 जून 2024 रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. अशा ठिकाणी पाऊस वर डोंगरात पडतो आणि पाणी खाली वाढतं. आपल्या डोक्यावर थेंबही नसतो. आत जाताना जी वाट होती ती काही मिनिटांत नाहीशी होते. म्हाताऱ्या माणसांची गोष्ट याच्या उलट. नदी तीच, घाट तोच, पायऱ्याही तिथेच. आयुष्यभराच्या सवयीनं ती एकटीच उतरतात आणि चक्कर मात्र नवी असते.

बुडणारा माणूस हाका मारत नाही, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. सिनेमातली ती ‘वाचवा, वाचवा’ प्रत्यक्षात क्वचितच ऐकू येते. तोंड पाण्यावर येतं ते कसाबसा श्वास घेण्यापुरतं. बोलायला हवा उरत नाही. हात आपोआप दोन्ही बाजूंना पाणी दाबत राहतात, त्यामुळे हलवून कुणाला बोलावता येत नाही. न्यूयॉर्कच्या किनाऱ्यावर काम केलेल्या फ्रँक पिया नावाच्या जीवरक्षकानं 1970 च्या दशकात हे नीट टिपून ठेवलं. दहा पावलांवर मोबाइल बघत बसलेल्या बापाला म्हणूनच काही कळत नाही. आणि बाहेर काढल्यावर? मुलाला उलटं धरून गरागरा फिरवणं, पोट दाबून पाणी काढत बसणं, यात मोलाची मिनिटं जातात. तोंडानं श्वास द्यायचा, छातीवर दाब द्यायचा आणि त्याच वेळी दुसऱ्या कुणीतरी 108 ला फोन लावायचा.

सर्वांत जास्त खटकते ती बातमीतली दुसरी ओळ: ‘त्याला वाचवायला गेलेली आईही’. मग बहीण, मग चुलता. आईला थांब म्हणायचा अधिकार कुणालाच नाही. पण पाण्यात शिरण्याआधी काहीतरी आत फेकता येतं, एवढं तिच्या कानावर आधीच गेलेलं असायला हवं. ऑगस्ट 2020 मध्ये तामिळनाडूत पेरंबलूर जिल्ह्यातल्या कोट्टरई धरणावर चार तरुण बुडत होते. तिथे असलेल्या तीन बायकांनी अंगावरच्या साड्या सोडल्या आणि पाण्यात फेकल्या. दोघांना वाचवता आलं, दोघे गेले. लाजेचा विचार त्यांनी केला नसेल असं नाही. तो त्यांनी मागे टाकला.

शेततळ्यापाशी साडी सोडायची वेळ यायला नको. चारी बाजूंना खुंट्या ठोकून, हातभर अंतरावर गाठी मारलेला जाड दोर पाण्यात सोडून ठेवायचा. जुने टायर एकमेकांना बांधून उतारावर सोडले तरी चालतात, पाय ठेवायला जागा होते. पाण्यावर हवा भरलेली एक ट्यूब, आणि भोवती कुंपण. लाखभराच्या कागदापुढे हा खर्च काहीच नाही. अनुदानाच्या फायलीत खोदाईची मापं असतात, सातबारा असतो, काम पुरं झाल्याचा फोटोही असतो. त्याच फोटोत दोर आणि कुंपण दिसलं तरच पैसे सोडायचे, असं ठरवायला एखादा शासन निर्णय पुरेल. कृषी खात्याचा माणूस नाहीतरी मापं घ्यायला तळ्याच्या काठावर येतोच.