मधली पट्टी

रेणापुरासारख्या तालुक्याच्या गावी रस्ता आणि घराची भिंत यांच्यामध्ये दोन-चार हात रुंदीची पट्टी पडून असते; तीवर गाजरगवताचे व केराचे राज्य. ही कोणाची? सातबाऱ्यावर शोधावे, तर गावठाणातील जागेस सातबारा सहसा नसतोच. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाचे विसावे कलम मात्र निःशंक आहे: जे दुसऱ्या कोणाचे नाही, ते सरकारचे. मालक सापडला, झाडू कोणी धरावयाचा, हे राहिलेच. एखाद्याने तेथे तुळस लावली, की शेजारी कुजबुजतात, ‘जागा बळकावणार!’ आणि हा संशय नेहमीच खोटा ठरत नाही, हीच पंचाईत. तुळस लावणाऱ्यास आम्ही निर्दोष मानतो; त्याने कुंपणाची पहिली काठी रोवली, की आमचेही मन साशंक होते.