रिपोर्ट नॉर्मल, दुखणे खरे



"सारे अंग दुखते. झोपून उठले तरी थकवा जात नाही." असे म्हणणारी आई, बहीण किंवा सून आपल्यापैकी अनेकांच्या घरी असेल. उमरेडहून नागपूरला नेऊन तिचे रक्त तपासले, एक्स-रे काढला. सर्व रिपोर्ट नॉर्मल. मग आपण काय म्हणतो? "तुला काही झालेले नाही. उगाच टेन्शन घेतेस."

फायब्रोमायाल्जिया हा आजार नेमका असाच आहे. महिनोन्‌महिने सर्वांग दुखते, झोप लागत नाही, लक्ष लागत नाही. पण रक्तात वा एक्स-रेमध्ये तो दिसत नाही. १९९० मध्ये अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांनी एक कसोटी ठरवली होती : शरीरावरच्या १८ पैकी ११ जागा दाबल्यावर दुखल्या पाहिजेत. २०१० मध्ये त्यांनी रुग्णाने सांगितलेल्या लक्षणांना महत्त्व दिले. म्हणजे डॉक्टरसुद्धा आता आधी तिचे ऐकतात. आपण ऐकतो का?

ताणाचा या आजाराशी संबंध आहे, हे खरे. अपघात, घरातील मृत्यू, वर्षानुवर्षांची काळजी यांनंतर काहींचे दुखणे सुरू होते किंवा वाढते. रेडिओचा आवाज मोठा करून ठेवावा, तशी मज्जासंस्था वेदना मोठी करते. दुखण्याने झोप उडते, झोप उडाली की ताण वाढतो, ताणाने पुन्हा दुखणे. पण ताण हे एकमेव कारण नाही आणि ताणाने वाढलेले दुखणे खोटेही नाही.

२०१६ मध्ये युरोपातील तज्ज्ञांनी हळूहळू वाढवत नेलेल्या व्यायामाला सर्वांत ठाम पाठिंबा दिला. त्याच्या जोडीला समुपदेशन आणि काहींना औषधे लागतात. पण पहाटे खाणीच्या पाळीचा डबा, दिवसभर मजुरी, रात्री सासूबाईंची शुश्रूषा, एवढे जिच्या माथी आहे तिने फिरायला जावे कधी? "टेन्शन घेऊ नकोस" म्हणणे सोपे आहे. ते टेन्शन बहुधा आपणच दिलेले असते.

ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ मुकाट बसले. तोवर ते खरे मित्र होते. मग तोंड उघडले आणि त्याचेच दोष काढू लागले. आपणही तेच करत असतो.

या आठवड्यात घरातील दुखणाऱ्या माणसाचे बोलणे मध्ये न तोडता ऐकू या. आणि त्याचे एक काम, निदान एक, आपल्या अंगावर घेऊ या.