नळ, चौरस फूट आणि तुझा राग

चि. बाळास,


तुमच्या सोसायटीच्या परवाच्या वार्षिक सभेचं तू फोनवर सांगितलंस ते डोक्यातून जात नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी सगळ्यांसमोर विचारलं, "टँकरचा खर्च चौरस फुटांवर कसा काय वाटलात? ही मनमानी आहे." तू रडवेली झालीस, साहजिकच आहे. भर उन्हाळ्यात कासारवडवलीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या टँकरवाल्याला रात्री उशिरापर्यंत फोन करणारी तूच, गेटवर उतरून पावती तपासणारीही तूच.

तरी सांगते, काकांचा सूर बाजूला ठेव आणि प्रश्न तेवढा कागदावर लिहून काढ. मग उपविधींचं पुस्तक उघड. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत पाण्याचा खर्च सदनिकेतल्या नळांची संख्या आणि आकार पाहून वाटायचा असं दिलंय. काकांचा फ्लॅट मोठा, पण नळ शेजारच्यांइतकेच. म्हणजे मुद्दा बरोबर आहे. ज्या टीकेत बिल, महिना, रक्कम, नियम असं काही हाताला लागतं, ती कोणालाही पडताळता येते, ती घ्यायची. 'मनमानी' हा शब्द पडताळता येत नाही, तो सोडून द्यायचा. पंचाईत एवढीच की दोन्ही एकाच तोंडून, एका दमात येतात.

"ते स्वतः मेंटेनन्स वेळेवर भरत नाहीत," असं तू म्हणालीस. नसतील भरत. थकबाकीची नोटीस त्यांना वेगळी पाठव, नियमाप्रमाणे व्याज लाव. नळांच्या हिशेबात ते आणू नकोस.

चूक जाहीरपणे कशी कबूल करावी, याबाबत गोपाळ कृष्ण गोखल्यांचं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. 1897 साली ते विलायतेत असताना पुण्यातल्या प्लेगच्या बंदोबस्तात गोऱ्या सोल्जरांनी केलेल्या अत्याचारांची माहिती त्यांना मित्रांच्या पत्रांतून कळली आणि ती त्यांनी तिथल्या वर्तमानपत्राला सांगितली. परतल्यावर पुरावा मागितला गेला. तो देता येईना, तेव्हा त्यांनी जाहीर माफी मागितली. पत्रं लिहिणाऱ्यांची नावं मात्र सांगितली नाहीत. माफीवरून स्वकीयांनीच त्यांना झोडपलं. ती गरजेपेक्षा जास्त नमती होती, असं माझंही मत आहे. पण पुराव्याची मागणी रास्त होती आणि दोष त्यांनी दुसऱ्या कोणावर ढकलला नाही. 1905 मध्ये तेच काँग्रेसचे अध्यक्ष झाले.

तू कमिटीत ठराव घे आणि उत्तर लेखी दे. काकांना खासगीत गाठून नको, सूचना फलकावर लाव; प्रश्न चारचौघांत आला होता. कोणत्या महिन्यांचा खर्च चुकीचा वाटला गेला, कोणाचे किती जास्त घेतले, ते कोणत्या बिलात वळते होणार, एवढंच लिही. आम्ही किती राबतो, हे त्यात घालू नकोस. तुझे कष्ट खरे आहेत, पण त्या कागदावर ते आले की दुरुस्ती म्हणजे मेहेरबानी वाटायला लागते.

छोट्या फ्लॅटवाल्यांचं बिल आता थोडं वाढेल आणि ते तुझ्याकडे येतील. त्यांचंही पडताळून बघ. प्लंबरबरोबर नळ मोजायला काकांनाच घेऊन जा. ड्राय बाल्कनीतला वॉशिंग मशीनचा नळ धरायचा की नाही, हे आधी सभेत ठरवून घे. खरा वाद तिथेच होईल.

तुझी,
मावशी