वाढ आणि घट
(मननासाठी : योहान ३:३०)



जांब समर्थ हे रामदास स्वामींचे जन्मगाव. त्यांचा जन्म सन १६०८ त झाला. या मुलुखात थंडीच्या रात्री घोंगडीची ऊब सर्वांस ठाऊक आहे. घोंगडी मागावर होते. तिचा ताणा उभा, बाणा आडवा. परंतु दोन सुयांवर लोकरीचा गळपट्टा तिरकस विणण्याचीही एक रीत आहे. तीत आपणांसाठी बोध आहे असे आम्हांस वाटते.

आरंभी सुईवर दोनतीनच टाके असतात. ते वाढवीत गेले म्हणजे त्रिकोण रुंदावतो. हवी तेवढी रुंदी झाली की एका काठास एक टाका वाढवावयाचा, आणि दुसऱ्या काठास दोन टाके एकत्र विणून एक घटवावयाचा. केवळ वाढ केली तर कापड पसरतच जाते. केवळ घट केली तर ते टोकाशी येऊन संपते. दोन्ही केली तर रुंदी कायम राहते, उलट टाक्यांचे उंचवटे तिरपे धावतात, आणि पट्टा ताण सोसून गळ्याभोवती मऊ बसतो.

लोक आता येशूकडे जात आहेत, अशी तक्रार घेऊन शिष्य योहानाकडे आले. तो रागावला नाही. ख्रिस्ताची वाढ व आपली घट हेच योग्य, असे त्याने मानिले.

जालना प्रांतीही याचा दाखला आहे. रेव्ह. नारायण शेषाद्रि यांनी सन १८४३ त मुंबईत बाप्तिस्मा घेतला. ब्राह्मण कुळाचा मान एका काठास घटला. पुढे जालन्याजवळ बेथेल वसले, व गावकुसाबाहेरच्यांस तेथे थारा मिळाला. हा दुसऱ्या काठास वाढलेला टाका होय.

आपल्या मंडळीत काय दिसते? एखादा तरुण शास्त्र चांगले वाचू लागला की जुन्या उपदेशकाचे तोंड उतरते. आधी बाप्तिस्मा घेतलेले घराणे नव्या कुटुंबास मागे बसविते. वाढ सर्वांस हवी. घट कोणासच नको.

बंधूंनो, सुटलेला टाका निराळा व घटविलेला निराळा. सुटलेला टाका खाली उसवत जातो. घटविलेला आपल्या शेजाऱ्यात गुंफला जातो, नाहीसा होत नाही. जो तरुणास आपली जागा देतो, त्याचे श्रम त्या तरुणाच्या सेवेत गुंफलेले राहतात. मात्र घट दुसऱ्याची करावयाची नाही. योहानाने ती स्वतःची केली. दुबळ्यास मागे सारून त्यास नम्रता शिकविणे हा ख्रिस्ताचा मार्ग नव्हे.

विणणारी बाई ओळीअखेर टाके मोजते; चूक लवकर सापडली तर थोडेच उसवावे लागते. तसे आपणही रोज रात्री मोजू या : आज आपण कोणास पुढे होऊ दिले? प्रभू आपणांस आनंदाने घटण्याची कृपा देवो. आमेन.